घाम थांबला तेव्हा

काल माझ्या निवृत्तीच्या समारंभात खांद्यांवर जरीची शाल घातली, मोगऱ्याचा ओला हार मानेला लागला, आणि मी पुन्हा नव्वदच्या दशकातल्या त्या एप्रिलमध्ये, तंजावूरच्या कॉलेजच्या मैदानावर जाऊन उभा राहिलो.

थंड देशातला रग्बीचा संघ दौऱ्यावर आला होता. दमट उन्हात सामना संपला आणि आमच्या रीतीप्रमाणे एकेका खेळाडूला हार, शाल घालून भाषणं सुरू झाली. माझ्या शेजारचा तांबूस केसांचा पोरगा घामानं निथळत होता. "काढ ती शाल," मी इंग्रजीत पुटपुटलो. तो हसला. "नको, मान आहे हा."

थोड्या वेळानं त्याचं कपाळ कोरडं झालं. माझे अप्पा तिथले क्रीडाशिक्षक. ते कौतुकानं म्हणाले, "बघ, घाम थांबला की! तंजावूरची हवा मानवली त्याला." मलाही बरं वाटलं.

पुढच्याच टाळ्यांत तो कोसळला. शालीसकट त्याला गाडीत घातलं. तो वाचला नाही. घाम थांबला तेव्हाच अंगातली उष्णता बाहेर पडायची वाट बंद झाली होती, असं डॉक्टर नंतर म्हणाले.

काल भाषणं चालू असताना मी सारखा कपाळाला हात लावून बघत होतो. ओलं होतं.