ओढताना किती देते?

आमच्या साडूंइतका सावध माणूस ब्रह्मदेवाने दुसरा घडवला नसावा. घडवला असलाच, तर तो अजून जन्माला यावं की न यावं याची चौकशी करत वरच बसला असेल. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे मालवणकडचे, राहायला मुलुंड पूर्वेला, आणि औषधांच्या एका कारखान्याचं स्टोअर सांभाळून निवृत्त झालेले. आयुष्यभर आलेला माल तपासून घेण्याची सवय लागल्यामुळे असेल, पण या गृहस्थांच्या घरात साधी सुईसुद्धा चौकशीशिवाय शिरत नाही. प्रेशर कुकर घ्यायचा ठरला एका दिवाळीला आणि घरात आला तो दुसऱ्या दिवाळीला. मधल्या काळात त्यांनी अख्ख्या बिल्डिंगमधल्या कुकरांच्या शिट्या जिन्यात उभं राहून ऐकल्या होत्या. "मला बघायला हे तीनदा आले होते," असं ताई, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, अजून सांगतात. "तिसऱ्या वेळेला बाबा म्हणाले, आता एकदा विचारून घ्या, ह्यांना मुलगी बघायची आहे की घर विकत घ्यायचंय?" साडू यावर रागावत नाहीत. "पण माल चांगला निघाला की नाही?" एवढंच म्हणतात आणि चहात खारी बुडवतात.

अशा माणसाने जन्मात एकच वस्तू विचार न करता घेतली, आणि ती निघाली होडी. निवृत्तीनंतरच्या रिकामपणात ते एकदा माहुलला सुकी मासळी आणायला गेले. तिथे एका कोळ्याने मासेमारी सोडली होती आणि आपली लहानशी फायबरची होडी तो ट्रॉलीसकट विकायला बसला होता. साडूंनी होडीवरून एकदा हात फिरवला, आणि सोडे, बोंबील सगळं विसरून होडी घेऊन टाकली. कोळ्याच्या भाच्याने आपल्या डिझेल पिकअपला ट्रॉली जोडून ती मुलुंडपर्यंत ओढत आणली, साडूंच्या पार्किंगच्या जागेत उभी केली आणि तो पिकअप घेऊन परत गेला. होडी राहिली. ती पुढे मालवणकडच्या गावी, खाडीवर जायची होती, आणि ती तिथवर ओढणार कोण, हा प्रश्न साडूंना पिकअप कोपऱ्यावरून वळल्यावर पडला.

ही होडी त्यांनी कोणासाठी घेतली हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. गावच्या घरी त्यांचे थोरले भाऊ एकटे असतात. त्यांना सगळे दादा म्हणतात. लहानपणी या दोघा भावांची एक लाकडी होडी होती आणि खाडीपलीकडे त्यांचं आजोळ होतं. आई रागावली की हे दोघे वल्ही मारत पलीकडे जायचे आणि आजीकडे जेवून परत यायचे. पुढे धाकटा मुंबईला आला, होडी माडाखाली कुजून गेली, खाडीवर पूल झाला आणि आजोळही संपलं. पण म्हातारपणी पुन्हा एकदा दोघांनी होडीतून पलीकडे जाऊन यायचं, असा त्यांचा करार होता. दादांची ऐंशी उलटली होती, गुडघे गेले होते. त्यामुळे होडी गावी लवकर पोचली पाहिजे होती, आणि ती पोचवण्याचं काम साडूंसारख्या माणसाच्या हातात होतं!

"भाड्याने पिकअप करा आणि मोकळे व्हा," असं त्यांना सुचवलं नाही असा माणूस मुलुंडमध्ये सापडणार नाही. साडू त्याच्याकडे कीव केल्यासारखे बघत. "भाड्याची गाडी गावात सोडून येईल. मग घरापासून खाडीपर्यंत रोज कोण ओढणार? तू?" मुद्दा बिनतोड होता. तेव्हा गाडी स्वतःची हवी, डिझेलची हवी आणि अॅव्हरेज चांगलं देणारी हवी, इथवर ते वर्षभरात पोचले. सीएनजीचं नाव काढलं की म्हणत, "घाटात दम लागतो तिला." मात्र डिझेलबद्दलही त्यांचं मत सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरं असे. सकाळी फिरून बाकावर टेकले की ते डिझेलचे वकील असत, आणि संध्याकाळी त्याच बाकावर बसून डिझेलला फाशी देत. एकदा तर गाडी पांढरी घ्यायची की लाल यावरून त्यांचं आणि ताईंचं असं वाजलं की दोघं एकमेकांशी बोलेनात. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, ही म्हण मी तोवर पुस्तकातच वाचली होती.

त्यांचा खरा प्रश्न मात्र एकच होता, आणि तो त्यांनी पूर्व उपनगरांतल्या यच्चयावत पिकअपवाल्यांना विचारला. आधी "किती देते?" असं सहज विचारायचं. ड्रायव्हर काहीतरी आकडा सांगे. मग जवळ सरकून, आवाज खाली आणून, "आणि ओढताना?" इथे ड्रायव्हर डोकं खाजवू लागे, कारण पाण्याचे जार, भाजी, मंडपाचे बांबू हे सगळे लोक पाठीवर वाहतात, मागे बांधून ओढत कोणीच नाही. भांडुपपासून मानखुर्दपर्यंत आम्ही रविवार रविवार हिंडलो. मी कशाला जायचो, असं माझी बायको विचारते. साडूंबरोबर हिंडण्यात एक मजा होती, हे तिला सांगून कळायचं नाही. रस्त्यात वडापाव व्हायचा, उसाचा रस व्हायचा, आणि काहीही न घेता घरी परतल्याचं समाधान दोघांच्याही तोंडावर असायचं.

त्यांच्या सख्ख्या भाच्याच्या लग्नात, घाटकोपरला, वरातीपुढे डीजेची पिकअप होती आणि तिच्या मागे जनरेटरची ट्रॉली जोडलेली होती. साडूंनी ती बघितली आणि त्यांच्या अंगात आलं. मामा कुठे गेले म्हणून शोधाशोध सुरू झाली, तर मामा फेटा बांधलेल्या अवस्थेत ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसलेले. "ओढताना किती देते रे?" त्या गोंगाटात त्यांनी ओरडून विचारलं. ड्रायव्हर कपाळाला हात लावून म्हणाला, "काका, काय यार! वरात आहे ही. दर दहा पावलांवर नाचायला थांबते. ह्याचं काय अॅव्हरेज काढू?" साडूंना हे पटलं. पण मांडवाच्या दारात व्याह्यांची भेट खोळंबली होती, त्याबद्दल ताईंनी त्यांना घरी जाऊन जे ऐकवलं ते मी लिहीत नाही.

शोरूमच्या मॅडम तर त्यांना इतक्या ओळखायच्या की साडू लांबून दिसले की चहाची ऑर्डर द्यायच्या. एकदा त्या बिचारीने गाडी सोसायटीच्या आवारात पाठवली, काका एकदा चालवून तरी बघू देत म्हणून. गाडीला मागे हूक नव्हता, म्हणजे होडी जोडता येईना. साडूंनी वजनाचा अंदाज यावा म्हणून ताईंचं अख्खं भजनी मंडळ टाळ-मृदंगासकट मागच्या हौद्यात चढवलं आणि आवारात फेऱ्या मारल्या. बायका खूश! त्यांनी दोन गौळणी म्हटल्या आणि वर आणखी एक फेरी मागितली. साडू उतरले ते मान हलवतच. "हे वाहणं झालं. ओढणं नव्हे."

इकडे होडी पार्किंगमध्ये रुळली होती. मांजरं तिच्यात पिल्लं घालत, बायका तिच्यावर कुरडया वाळत घालत. "पार्किंगमध्ये फक्त वाहने उभी करावीत" अशी चेअरमनने नोटीस लावली, तेव्हा साडूंनी शांतपणे विचारलं, "मग हे काय आहे? कपाट?" दसऱ्याला सगळ्यांच्या गाड्यांना हार पडत, तसा होडीलाही झेंडूचा हार पडे. सगळ्यांच्या गाड्या चाकाखालचं लिंबू चिरडून पुढे जात. होडीच्या ट्रॉलीखालीही लिंबू ठेवलं जाई आणि आम्ही चारपाच जण "गणपती बाप्पा मोरया" म्हणत ती लिंबावरून पुढे ढकलत असू. मग तितकीच मागे ढकलत असू. चेअरमनही ढकलायला असे, नोटीस विसरून.

दर रविवारी सकाळी मी साडूंकडे पोचलो की चहा होई, आणि चहा होतोय तोवर गावाहून दादांचा फोन येई. फोन स्पीकरवर असे. "काय रे, होडी कधी हाडतलंस?" म्हणजे कधी आणणार, हे दादांचं पहिलं वाक्य. "हाडतंय रे दादा, गाडयेचा बघतंय," हे साडूंचं उत्तर. मग दादा त्यांना एक कचकचीत शिवी घालत, दोघेही हसत, आणि आम्ही पिकअप बघायला बाहेर पडत असू. इतकी वर्षं हे चाललं होतं की मला ते आरतीसारखं पाठ झालं होतं.

मग एका रविवारी दादांचा फोन आला. "काजीक मोहर इलो हा," दादा म्हणाले. "गाय येली, वासरू झाला. तुमी बरे असास मा? जपून रवा. ठेवतंय." आणि फोन ठेवला.

होडीचा शब्द नाही. शिवी नाही. साडू फोनकडे बघत राहिले. ताई कपबशा घेऊन दारात थांबल्या. मीच म्हणालो, "विसरले असतील." साडू म्हणाले, "दादा विसरत नाही. त्याने सोडून दिलं." त्यांचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. ज्या माणसाला आपण नुसतं हसत आलो, त्याच्या मनात उशीर होण्याची एवढी भीती बसली असेल हे मला तोवर सुचलं नव्हतं, आणि त्या क्षणी मला त्यांच्याबद्दल फार वाईट वाटलं. त्यांनी पायांत चपला सरकवल्या, आणि आम्ही तडक शोरूम गाठलं.

मॅडमनी सवयीने चहा सांगितला आणि सवयीनेच माहिती द्यायला सुरुवात केली. साडूंनी त्यांना मध्येच थांबवलं. "ही गाडी पुढे जाते ना?"

"जाते ना, काका."

"मग द्या. मागे हूक बसवून द्या."

मॅडम माझ्याकडे बघायला लागल्या. "काका, आज अॅव्हरेज नाही विचारलं?" त्या जरा दुखावल्यासारख्याच दिसल्या. इतक्या वर्षांत बहुधा त्यांनी कंपनीकडून कुठूनतरी उत्तर मिळवून ठेवलं असावं. साडूंना ऐकायचंच नव्हतं.

गाडी पांढरी मिळाली. ताईंना लाल हवी होती, पण त्याच सगळ्यांत आधी गाडीत चढल्या. आम्ही तिघे पुढे बसलो, होडी मागे, आणि आवारातले सगळे गेटपर्यंत आले. गाडीने ओढल्यावर होडी खरोखरच जागची हलली तेव्हा चेअरमनने टाळ्या वाजवल्या. वाटेत घाटाच्या चढाला डिझेलचा काटा बघायचा मला फार मोह झाला. साडूंनी आधीच त्यावर रुमाल टाकून ठेवला होता. "बघू नकोस," म्हणाले. "बघितलं की मी विचार करायला लागेन."

गावी दादा काठी टेकत अंगणात आले. "इली एकदाची!" म्हणाले, आणि होडीभोवती फिरून त्यांनी तिच्यावर बोटांनी टकटक केलं. "फायबराची? लाकडाची गावली नाय?" साडू समजावायला लागले की ही हलकी असते, टिकते. त्यांचं ऐकून घेतल्यासारखं करून दादांनी शेजारच्यांना हाक मारली, त्यांच्या खांद्यांवर भार टाकला आणि ते चक्क होडीत चढून बसले. होडी ट्रॉलीवर, ट्रॉली अंगणात. आम्ही उतरा उतरा म्हणतोय. दादा म्हणाले, "आता पाण्यात गेल्याशिवाय उतरूचंय नाय. असोच व्हर माका."

आणि साडूंनी त्यांना तसंच नेलं. गावच्या रस्त्यावरून पिकअप मुंगीच्या पावलांनी चाललेली, मागे होडीत दादा ताठ बसलेले, आणि घराघरांतून माणसं बाहेर येऊन त्यांना हात करतायत. दादाही हात करत होते. साडू गाडी चालवत होते ती सगळी आरशात बघून. ताईंनी त्यांचे डोळे पदराने पुसले, कारण त्यांना स्टिअरिंग सोडता येत नव्हतं. घरापासून खाडी काही लांब नाही, पण पोचायला आम्हाला वेळ लागला.

पलीकडे जाताना वल्ही साडूंनीच मारली; ताई आणि मी अलीकडच्या काठावरून बघत होतो. दादांना वल्हं धरवत नव्हतं. ते मधल्या फळीवर बसून "डावीकडे घे, अरे मेल्या, डावीकडे," असं ओरडत होते, आणि पुलावरून जाणारी एसटी त्यांना बघायला जरा थांबली. पलीकडे पोचल्यावर गुडघ्यांमुळे दादांना उतरता आलं नाही. त्यांनी वाकून काठावरची मूठभर रेती घेतली, बघितली आणि परत टाकली. मग दोघे भाऊ परत आले. दादांनी पुन्हा एकदा साडूंना शिवी घातली, फोनवर घालत तीच.

आता साडू आणि ताई बहुतेक गावीच असतात. पिकअपला तिथे उसंत नाही. कुणाची होडी, कुणाचा चिखलात रुतलेला ट्रॅक्टर, सगळं साडूंच्या हुकाला लागतं. गेल्या दसऱ्याला मी मुलुंडच्या बिल्डिंगमध्ये सहज डोकावलो. पार्किंगमधली त्यांची जागा रिकामी होती, पण शेजारच्या खांबाला कोणीतरी झेंडूचा हार घातला होता आणि खाली एक लिंबू ठेवलं होतं. चेअरमन म्हणाले, "काय करणार, सवय झाली ना." मी तिथूनच साडूंना फोन लावला. पिकअपला हार घातला, होडीला घातला, दादांच्या काठीलाही घातला, असं ते सांगत होते, आणि मागून दादांचा आवाज येत होता.

"ते असू दे," मी म्हणालो. "ओढताना किती देते?"

"अरे, ते बघायचं राहूनच गेलं," साडू म्हणाले, आणि मग जरा थांबून, "तू ये ना एकदा. दोघं मिळून बघू."

जायला हवं. रविवारी सकाळी अजूनही माझ्या पायांत आपोआप चपला जातात. दारात उभा राहिलो की मग आठवतं, आज कुठली गाडी बघायला जायचं नाहीये. बायको विचारते, कुठे निघालास? मी म्हणतो, कुठे नाही, आणि चपला काढून आत येतो.