एकेचाळिसाव्या कार्डावरचा रंग

एल्व्हा पेनरोझच्या शिवणखोलीत बुटांच्या चार खोक्यांमध्ये दोनशे बारा कार्डं होती. प्रत्येक कार्डावर एकेका धूपछाव सुती कापडाचे दोन धागे चिकटवलेले असत, डावीकडे उभा आणि उजवीकडे आडवा. त्यांच्या खाली खरेदीची तारीख, आणि तारखेखाली एल्व्हाने त्या रंगाला दिलेलं नाव: 'कापणीनंतरचं शेत', 'खेकड्याची नांगी', 'ओला चुनखडक'. एकेचाळीस क्रमांकाच्या कार्डावर निळा धागा होता, तांबूस धागा होता, तारीखही होती. नाव नव्हतं.

वॉलारू या आखाताकाठच्या गावात गोधड्या शिवणाऱ्या बायका कापड निवडायला तिच्याकडेच येत. साधं कापड एकदा पाहिलं की कळतं. धूपछाव कापडाचं तसं नसतं. त्याचा उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या, त्यामुळे बघणारा जिथे उभा असेल तिथला रंग त्याला दिसतो. म्हणून एल्व्हा आधी कापड दाखवतच नसे. गोधडी कुठल्या पलंगावर पडणार, खिडकी कुठल्या अंगाला आहे, खोलीत माणसं सकाळी बसतात की उतरत्या उन्हात, हे विचारून घेई. या कापडाला उलटी-सुलटी बाजू नसते. एखादा तुकडा चुकून आडवा जोडला गेला तर सगळ्या गोधडीत तेवढाच परका दिसतो. त्यासाठी ती कापलेल्या प्रत्येक तुकड्यावर पांढऱ्या दोऱ्याने कच्च्या टाक्याचा बाण घाली. उभा धागा कुठे जातो, ते दाखवणारा.

तिचा आणखी एक नियम होता. कापड सकाळी पडवीत, दुपारी टेबलावर आणि संध्याकाळी भिंतीवर असं तीनदा पाहिल्याशिवाय त्याच्या रंगाचं नाव घ्यायचं नाही. कार्डं क्रमाने लावली तर दिसतं, की हा नियम १९९८च्या मार्चमध्ये सुरू झाला. आधीच्या चाळीस कार्डांवर खरेदीच्याच दिवशी नाव लिहिलेलं आहे. याचं कारण तिला सव्वीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.

विचारलं ते ग्लेनिस ट्रेलोरने. ग्लेनिस गोधडी मंडळाची चिटणीस आणि एल्व्हाची शाळेपासूनची मैत्रीण. मंडळाने समुद्रात हरवलेल्यांचा शोध घेणाऱ्या स्वयंसेवकांच्या सभागृहासाठी मोठी गोधडी करायला घेतली होती. वर आभाळ, मध्ये आखाताचं पाणी, खाली वाळू. एल्व्हाच्या भिंतीवर फ्लॅनेल ताणून त्यावर तुकडे लावून पाहणं चाललं होतं. पाणी संपून वाळू सुरू होते त्या पट्ट्याला काही केल्या कापड मिळत नव्हतं. चौथ्या आठवड्यात ग्लेनिसने कपाटाच्या वरच्या फळीवरचा बिस्किटांचा डबा उघडला, त्यातला हातभर उरलेला तुकडा काढला आणि सरळ भिंतीवर टाचला.

सगळी गोधडी जागेवर बसली. दोघी मागे सरकल्या. पडवीचा पडदा हलला तशी ती निळी पट्टी तांबूस झाली, आणि पुन्हा निळी. खिडकीसमोरून कुणी गेलं असावं, तशी. एल्व्हाने खिडकीकडे पाहिलं नाही. पडद्यामुळे होतं, हे तिला माहीत होतं. हे माहीत असण्याचा गेल्या सव्वीस वर्षांत फारसा उपयोग झालेला नव्हता.

"ते काढ, ग्लेनिस."

"काढ? अगं, डोळे फुटले का तुझे? महिनाभर ओल्या वाळूसाठी जिवाचा आटापिटा करतोय आपण, आणि हे तू डब्यात कुजवत ठेवलंस?"

"काढ म्हणते ना."

"कारण सांग, काढते. नुसतं 'काढ' म्हटल्यावर ऐकायला मी काय तुझं मांजर आहे?"

एल्व्हा खुर्चीवर बसली. "कॉलिनच्या शर्टाचं आहे," ती म्हणाली.

कॉलिन पेनरोझ फेब्रुवारी १९९८मध्ये एका सकाळी लहान होडी घेऊन मासे धरायला गेला आणि परतला नाही. अंगात एल्व्हाने शिवलेला नवा शर्ट होता. दुपारी पोलिसांचा फोन आला, कपडे कसले होते? स्वयंपाकघरात न्याहारीला तो समोर बसला होता तेव्हा शर्ट निळा दिसला होता. तिने सांगितलं, निळा. जबाबाची प्रत तिच्याकडे होती. त्यात तो शब्द तसाच होता. संध्याकाळी गावातला वेसली रॉडा चौकीवर येऊन सांगून गेला, की साडेचारच्या सुमारास जेट्टीवरून दक्षिणेच्या वाळूच्या पट्टीवर एक माणूस गुडघाभर पाण्यात उभा दिसला, शर्ट गंजलेल्या पत्र्यासारखा तांबडा. वर्णन जुळलं नाही. शोध वाऱ्याच्या दिशेने, उत्तरेकडे गेला. दुसऱ्या दिवशी होडी उत्तरेलाच सापडली, रिकामी. कॉलिन कुठेच सापडला नाही.

"त्या दिवशी पाणी थबकलेलं होतं," एल्व्हा म्हणाली. आखातात पंधरवड्यातून एकदा भरती-ओहोटी दिवसभर जवळपास थांबते. "वाळूवर उभा राहिलेला माणूस रात्रीपर्यंत उभा राहू शकला असता. कुणी आणायला गेलं असतं तर."

ग्लेनिसने तुकडा भिंतीवरून काढला. मग म्हणाली, "आणि तू हे तपासून पाहिलं नाहीस? तू? टाचणीसुद्धा मोजून डबीत टाकणारी?"

"तपासलं असतं तर कळलं असतं."

"मग आता कळू दे. किती दिवस बाळगणार आहेस? गुरुवारी पाणी पुन्हा थबकणार आहे. मी उतरते."

"तुझे गुडघे बदललेत, ग्लेनिस."

"तेच म्हणते मी. नवेकोरे आहेत, गंजायचे नाहीत."

गुरुवारी दुपारी साडेचारला ग्लेनिस खांद्यावरून तो तुकडा पांघरून पाण्यात शिरली. "खेकड्याने अंगठा धरला तर मंडळाच्या इतिवृत्तात लिही गं!" ती ओरडली. एल्व्हा जेट्टीवर, वेसली रॉडा गळ टाकून बसे त्याच दिव्याच्या खांबापाशी उभी राहिली. कॉलिनची पट्टी खोल पाण्यापलीकडे होती; ग्लेनिस जाऊ शकली ती अलीकडच्या वाळूपर्यंत. अंतर साधारण निम्मंच होतं, हे एल्व्हाने आधीच एकेचाळिसाव्या कार्डाच्या मागे पेन्सिलने नोंदवून ठेवलं होतं. उगाच जास्त सिद्ध झाल्यासारखं वाटायला नको.

ग्लेनिस चालत होती तोवर कापड निळं होतं. वाळूवर पोहोचून ती जेट्टीकडे वळली आणि ऊन तिच्या डाव्या अंगावर आलं. कापड तांबूस झालं. शंकेला जागा राहील असं नव्हे. जुन्या पत्र्यासारखं, स्वच्छ. ग्लेनिसने हात वर करून हलवला. एल्व्हाचाही हात आपोआप वर गेला. तो तसाच राहिला. कार्डावर तिने लिहिलं: '४.४०. तांबूस.'

जेट्टीवर परतल्यावर ग्लेनिस पाय पुसत म्हणाली, "आता?"

"आता रॉडांना सांगायचं. माणसाने खरं सांगितलं आणि माझ्यामुळे गावाने त्याला खुळा ठरवलं. हे तरी दुरुस्त करता येईल."

वेसली रॉडा अठ्ठ्याऐंशी वर्षांचे झाले होते. एल्व्हा लहान असताना त्यांनी गावातल्या मुलांना पोहायला शिकवलं होतं. तेव्हापासून ती त्यांना 'मिस्टर रॉडा' म्हणे. शनिवारी ती त्यांच्या पश्चिमेच्या पडवीत गेली, सोबत केशराचा केक आणि पिशवीत तो तुकडा.

"ये पोरी. केक आणलास? म्हणजे कुणीतरी मेलंय किंवा तुला काहीतरी हवंय."

"कुणी मेलेलं नाही, मिस्टर रॉडा."

"मग चहा तूच ओत. माझा हात कपावर जातो आणि चहा बशीत."

तिने चहा ओतला. काय म्हणायचं ते तिने घरून ठरवून आणलं होतं, तीन वाक्यं. पहिलं ओठांवर आलं, "कॉलिनच्या वेळी तुम्ही जे पाहिलंत..."

"तांबड्या शर्टवाला," म्हातारा हसला. "अजून विचारतात मला पबमध्ये, 'काय वेस, आज कुठल्या रंगाचा दिसला?' सांगू नये तुला, पण विचारतात. हसू दे. त्यांच्या हसण्याचे माझ्यावर उपकार आहेत."

"उपकार?"

त्यांनी कप खाली ठेवला. "तो हात हलवत होता, पोरी. हे मी चौकीत सांगितलं नाही. मला वाटलं, खेकडेवाला आहे, हात दाखवतोय. मीही हात हलवला. मग आमिषाचा डबा उचलला आणि जेवायला घरी गेलो. बातमी कळली तेव्हा पळत चौकीत पोहोचलो. तिथला पोरगा म्हणाला, 'तो नव्हे, त्याचा शर्ट निळा. बायकोने सांगितलंय, आणि कपड्यांतलं तिच्याइतकं गावात कुणाला कळत नाही.' बाहेर येऊन मी भिंतीला टेकून रडलो. इतकं हलकं वाटलं." ते पाण्याकडे पाहत राहिले. "तुझ्या त्या एका शब्दावर झोपलोय मी इतकी वर्षं. तू काय सांगत होतीस?"

एल्व्हाची उरलेली दोन वाक्यं तिथेच राहिली. "गोधडीचं," ती म्हणाली. "तुम्ही पाहिलंत ते सगळं आखात आम्ही शिवतोय. सभागृहासाठी."

"आणि पिशवीत काय आहे?"

नाही म्हणायला उशीर झाला होता. तुकड्याचं टोक बाहेर लोंबत होतं. तिने तो मांडीवर पसरला. उतरत्या उन्हात तो गंजलेल्या पत्र्यासारखा पडून होता. म्हातारा पुढे वाकला. त्यांचा एक डोळा गेलेला होता. दुसरा अजून काम करी.

एल्व्हाने कच्च्या टाक्याचा बाण शोधला. निळा उभा धागा त्यांच्या बाजूला येईल असा तुकडा फिरवला आणि कोपरा हळूहळू वर उचलला, गिऱ्हाइकांना दाखवायची तसाच, रंग येईपर्यंत.

"हा कुठला रंग म्हणायचा?" रॉडांनी विचारलं.

सकाळी पडवीत नाही, दुपारी टेबलावर नाही. एकदाच पाहून तिने सांगितलं, "निळा, मिस्टर रॉडा."

ते बराच वेळ पाहत राहिले. मग मागे टेकले. "हं," ते म्हणाले. "निळाच." आणि त्यांनी कप पुन्हा हातात घेतला.

ते हळूहळू पीत होते. एल्व्हाच्या दंडाला कळ लागली. कप रिकामा होईपर्यंत तिने तो कोपरा खाली येऊ दिला नाही.