कांदे हायत

रिबकामावशी अंगणात आलेल्या माणसाला खुर्ची देत नसत. "खाली बस गो, चांगली मांडी घाल. उभ्यानं बघायचं फूल नाय हे." मी पेणहून रोह्याच्या वाचनालयात बदलून आले, त्यांच्या शेजारी खोली घेतली, आणि पहिल्याच संध्याकाळी अशी जमिनीवर बसले. समोर पत्र्याच्या डब्यात गवतासारखी चार पाती, मधल्या काडीवर इवल्या पांढऱ्या घंटा. रानातला कंद, आता फार थोड्या जागी उरलेला. त्याचं नाव मला ठाऊक आहे. इथे लिहीत नाही.

मावशी ज्यू, शाळेत शिवण शिकवून निवृत्त झालेल्या. नातेवाईक एकेक करून इस्राएलला गेले. नवऱ्याची कबर इथली, म्हणून त्या राहिल्या. गावाबाहेरच्या माळावर ही फुलं सुकली की त्या फक्त बी वेचत, कंदाला हात लावत नसत. त्या बियाला फूल धरायला वर्षं लागत. दिवाळीनंतर पाती वाळली की डब्यात नुसती माती दिसे. "रिकाम्या डब्यांची राखण करता का, मावशी?" मी एकदा चिडवलं. "झोपलेल्या पोराला रिकामं म्हणतेस व्हय?"

कौतुकाची मात्र त्यांना भारी हौस. एकदा एक गोडबोल्या पाहुणा आला. मांडी घालून बसला, फोटो काढले, "मावशी, असा हात कुणाचा नाही," म्हणाला. मावशी इतक्या फुलल्या, की त्याच्याच गाडीतून त्याला माळ दाखवून आल्या.

पुढच्या पावसाळ्यात आम्ही दोघी तिथे गेलो. फुलांच्या जागी खड्डे होते, पहारीने खणलेले. एकही कंद उरला नव्हता. मावशी खड्ड्याच्या कडेला बसल्या. "माझ्यामुळं झालं हे."

"तुम्ही काय केलंत त्यात?" मी म्हटलं.

"पुढच्या सीटवर बसून गेले गो मी. हितं डावीकडं घे, हितं उजवीकडं घे, असं सांगत."

तेव्हापासून डबे मागल्या दारी गेले. कुणी विचारलं तर मान खाली घालून म्हणत, "कांदे हायत." शेजारणी थट्टा करत, "मावशी, तुमच्या कांद्यांची भजी कधी?" त्याही हसत, पण नजर वर उचलत नसत.

डब्यांतले कंद त्यांनी मला सोबत घेऊन त्यांच्या समाजाच्या दफनभूमीत लावले. "हितं आता कोण खणणार नाय. खणायला आमची माणसंच उरली नाय." नवऱ्याशेजारची जागा तेवढी मोकळी ठेवली. "तिथं नको लावू. तिथं एकदा खणावं लागंल."

पुढे काही वर्षांनी, माघात, मावशी वारल्या. त्या मोकळ्या जागेत फावडं पडलं आणि मातीबरोबर गोटीएवढे पांढरे कंद वर आले. पलीकडचं बी कधीतरी तिथे पडलं, रुजलं होतं. मावशींना ते ठाऊक होतं की नाही, कोण जाणे.

मुंबईहून आलेले त्यांचे दूरचे आप्त वाकून बघू लागले. एकाने फोन काढला. "काय आहे हो हे?"

नाव माझ्या ओठांवर आलं होतं. मला ते सांगायचं होतं. मला माहीत आहे, हे त्यांना कळावं असं वाटत होतं. माळावर जाताना मावशींनाही असंच वाटलं असणार.

"कांदे हायत," मी म्हटलं. मान आपोआप खाली गेली. कंद ओढणीत गोळा केले, आणि सगळे गेल्यावर मावशींच्या अंगावरच्या ओल्या मातीत परत लावले.