गजभियेंची जाळी

सुधाकर गजभिये यांनी उभं आयुष्य पाण्याला वाहिलं होतं, असं शोकसभेत तीन वक्त्यांनी सांगितलं. तिघांनीही ते लिहून आणलं होतं, त्यामुळे खोडून काढणं अवघड होतं. वस्तुस्थिती अशी की बेचाळीस वर्षांचे होईपर्यंत गजभिये गुडघाभर पाण्यातही उतरले नव्हते, आणि उतरले ते कंबरदुखीवर डॉक्टरांनी पोहणं सांगितलं म्हणून. ते गेल्याचा निरोपही पाण्यावरून आला नाही. मंगळवारी दुपारी दाताच्या दवाखान्यात, खुर्चीवर बसल्या बसल्या त्यांचं हृदय थांबलं. त्यांच्या पत्नी शोभाताई फोनवर म्हणाल्या, "अहो, यांचा नंबर आला होता..." मी ज्याला ज्याला कळवलं, त्यानं आधी विचारलं, पोहताना का? नाही म्हटल्यावर लोक जरा हिरमुसायचे.

सदाशिव पेठेत आमची दारं समोरासमोर. मी एका दैनिकात मुद्रितशोधक, म्हणून ते मला 'प्रूफवाले' म्हणायचे. ते मूळचे भंडाऱ्याकडचे, चिंचवडच्या एका कारखान्यात हत्यारं-साचे घडवणारी टूलरूम सांभाळायचे. बाजार खुला झाला, मालकांनी परदेशी भागीदार आणला आणि टूलरूमला स्वेच्छानिवृत्ती मिळाली. "इच्छा त्यांची, निवृत्ती माझी," गजभिये म्हणायचे. रिकामपण त्यांना सोसवत नसे. चहा प्यायला आले तरी बसायचे नाहीत. खिडकीपाशी, मग दारापाशी, मग पुन्हा खिडकीपाशी. जाता जाता आमच्या नळाची गळती थांबवून जायचे. आठवड्यात एकदाच हा माणूस शांत असायचा, रविवारी सकाळी, शहराबाहेरच्या धरणाच्या फुगवट्यात पोहताना. मी काठावर पेपर वाचत त्यांचे कपडे राखायचो. मला पोहता येत नाही. एकदा मी सहज विचारलं, भंडारा म्हणजे तलावांचा मुलूख, मग लहानपणीच कसे शिकला नाहीत? टॉवेल पिळत ते म्हणाले, "तलाव होता ना बाप्पा. आमच्या वस्तीसाठी नव्हता." आणि स्कूटरला किक मारली. हा विषय आम्ही पुन्हा काढला नाही.

मग आयटी आली. खराडीतल्या कंपन्या कर्मचाऱ्यांना बसनं आणून फुगवट्यावर सोडायच्या; एकमेकांवर विश्वास कसा ठेवावा हे त्यांना दोरीवर लटकून शिकवलं जाई. त्यांच्यासाठी काठावरच्या एका रिसॉर्टनं मोटरबोटी आणल्या. आधी दोन, पुढे आठ. ठराविक पोहणारे दहा-बाराजण, बहुतेक साठीचे, आणि बोट चालवणाऱ्याची नजर मागच्या प्रवाशांच्या कॅमेऱ्याकडे. व्हायचं ते एका रविवारी झालं. बोट वळली, गजभियेंनी बुडी मारली, पण पाय वर राहिला. मी पेपरमधून मान वर केली तेव्हा पाणी लाल दिसत होतं. पोटरीला सतरा टाके पडले. डॉक्टर म्हणाले, इंजिनाचा पंखा आणखी चार बोटं वर लागला असता तर गुडघा गेला असता.

रिसॉर्टचे लोक सज्जन निघाले. फुलं घेऊन भेटायला आले, आणि तोडगाही घेऊन आले: यापुढे पोहायला बंदी. गजभिये खाटेवर उठून बसले. "म्हणजे पंखा माणसाला लागतो, म्हणून माणूस बंद?"

"साहेब, तुमच्याच सुरक्षेसाठी."

"पाण्याबाहेर राहायचं शिक्षण माझं लहानपणीच झालंय. पुन्हा ॲडमिशन घेणार नाही मी. पंखा झाका."

कसा झाकायचा हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तेव्हा गजभियेंनी ते स्वतःकडे घेतलं, आणि रिसॉर्टनं त्यांना सहा महिन्यांची मुदत दिली. एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये त्यांनी स्टीलच्या पट्ट्यांची गोल जाळी बनवली, इंजिनाला बोल्टनं बसणारी, पंख्याला चहूकडून वेढणारी. चाचणीसाठी माणूस मिळेना. मी पुढे आलो नाही. म्हणून त्यांनी मंडईतून लाल भोपळे आणले. ते पाण्यात सोडायचे, त्यांच्यावर बोट घालायची, आणि काय उरलं ते मी वहीत लिहायचं. पहिल्या जाळीनं भोपळ्याच्या फोडी केल्या, दुसरीनं साल काढलं. उरलेला भोपळा फेकायचा नाही हा शोभाताईंचा नियम, त्यामुळे दोन्ही घरांत भाजी, भरीत, घारगे, पुन्हा भाजी. "अहो प्रूफवाले," शोभाताई जिन्यात गाठून म्हणाल्या, "यांना सांगा, आता एकदा जमवा. नाहीतर माणसं वाचतील आणि आपण जाऊ." पाचव्या जाळीखालून भोपळा अख्खा बाहेर आला. गजभियेंनी तो काखेत धरून पोहत काठावर आणला.

बंदी टळली. पण जाळीनं बोटीचा वेग कमी होतो हे खरं होतं, आणि वेगासाठीच तर लोक येत होते. गजभियेंनी आठही बोटींसाठी जाळ्या करून दिल्या. त्या रिसॉर्टच्या शेडमध्ये नीट रचून ठेवण्यात आल्या. त्याऐवजी त्यांचा सत्कार ठरला. मांडव, समई, 'जलरक्षक' असं लिहिलेलं मानपत्र. मसुदा शुद्धलेखनासाठी माझ्याकडे आला होता. शुद्धलेखन मी केलं, मजकुराला इलाज नव्हता. प्रमुख पाहुण्यांना उशीर झाला म्हणून त्यांना पलीकडच्या काठावरून बोटीनं आणलं, आणि ती लवकर पोहोचावी म्हणून तिच्यावरची, शोभेपुरती लावलेली, एकमेव जाळी काढली. पाहुणे जिवाच्या मोलावर पाऊण तास बोलले. गजभिये उत्तराला उभे राहिले. "पाहुणे आले त्या बोटीला जाळी नाही. बाकी कार्यक्रम चांगला झाला," एवढं म्हणून बसले. टाळ्या पडल्या. पुण्यात असल्या वाक्याला टाळ्या पडतात, पण पुढे काही होत नाही.

त्यानंतर अर्ज, स्मरणपत्रं, कचेऱ्यांचे जिने. साहेब मीटिंगमध्ये. साहेब बदलून गेले. नवे साहेब म्हणाले, मुळात तुम्ही तिथे पोहताच कशाला? दर रविवारी गजभिये आधी बोटींचे पंखे पाहायचे, मग पाण्यात उतरायचे, आणि आता पोहतानाही दर चार हातांनी मान वळवून मागे बघायचे. आठवड्यातली ती एक शांत सकाळही गेली. माझ्या घरी ते खिडकी-दार-खिडकी करत तेच तेच सांगायचे. एका संध्याकाळी माझ्या तोंडून गेलं, "सोडा हो आता गजभिये. ते धरण सोडून टाका. शहरात काय पोहण्याचे तलाव कमी आहेत?" ते थांबले. पहिल्यांदाच खुर्चीत बसले. "तुम्हीसुद्धा..." एवढंच म्हणाले. नंतर दोन वर्षं आम्ही जिन्यात हवापाण्याचं बोलायचो. काठावर कपडे राखायला मला त्यांनी बोलावलं नाही, आणि मीही गेलो नाही. आपलं म्हणणं व्यवहार्य होतं, हे मी स्वतःला बऱ्याचदा समजावलं. अजून पटलेलं नाही.

शोकसभेनंतर महिन्याभरानं शोभाताईंनी बेल वाजवली. "मला तिथे घेऊन चला. यांची एखादी तरी जाळी कुठे लागली का, मला बघायचंय."

मी त्यांना परोपरीनं परावृत्त करायला पाहिलं. काय दिसणार हे मला माहीत होतं. तरी रिक्षा केली. धक्क्यावर एक वयस्कर बोटवाला इंजिन पुसत बसला होता. शोभाताईंनी विचारलं. त्यानं मान वर न करता सांगितलं, "समद्या बोटींना हाय जाळी."

"कधीपासून?" मी विचारलं.

"दोन वर्सं झाली. उन्हाळ्यात पाणी उतरतं, खाली खडक. पंख्याची पाती मोडायची. मालक लई तापायचे. मग शेडमधल्या जाळ्या काढल्या."

"म्हणजे माणसांसाठी नाही?"

"माणसं काय, बाजूला होत्यात. खडक होत नाय."

शोभाताईंनी हळूच विचारलं, "यांना माहीत होतं?"

"गजभियेसायबांना? तेच आले की पाने-पक्कड घेऊन, बसवायला. मी म्हनलं, सायेब, ह्ये खडकासाठी हाय बरं का. तर म्हनले, असू दे, कारन तुमचं, जाळी माझी. आन् गेले पोहायला. लई लांब गेले त्या दिवशी, मागं न बघता."

मला त्यांनी हे सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं मी काही ठेवलंही नव्हतं...

शोभाताई चपला काढून धक्क्याच्या टोकापर्यंत गेल्या आणि एकेक बोट वाकून पाहत परत आल्या. आठही बोटींना जाळी होती. एक उलटी बसवलेली होती. "ही यांनी बसवलेली नव्हे," शोभाताई म्हणाल्या.