उंच स्पीकरांसाठी अॅम्प्लिफायर

जुन्या यंत्रातली धूळ तापली की एक वास येतो. परवा तो आला आणि ऐंशीच्या दशकातलं रत्नागिरीतलं रेडिओचं दुकान आठवलं. शेजारच्या सुमनवहिनींच्या यजमानांनी दुबईहून कमरेएवढे दोन स्पीकर पाठवले होते. त्यांना जुळणारा अॅम्प्लिफायर निवडायला मी सोबत गेलो होतो.

दुकानदार गाणी लावून दाखवत होता. वहिनींनी पिशवीतून कॅसेट काढली. "ह्यांनी पत्राऐवजी बोलून पाठवलीय. हीच लावा."

लहान अॅम्प्लिफायरवर ओळखीचा आवाज आला, "आईला सांग, मला स्वतंत्र खोली मिळालीय." मग दुकानदाराने तेच वाक्य मोठ्यावर लावलं. आता त्या आवाजामागे कुणाचं घोरणं, कुणाचा खोकला, कुणीतरी भांडी सरकवल्याचा आवाज स्वच्छ ऐकू आला. एकच कॅसेट इतकी वेगळी कशी लागते, याचं मला कुतूहल वाटलं. मला तेव्हा फक्त यंत्रांतला फरक कळत होता.

वहिनींनी ते पुन्हा लावायला सांगितलं आणि मान खाली घालून ऐकलं.

"बघा, किती बारीक ऐकू येतं," दुकानदार म्हणाला. "लहान ह्या स्पीकरांना पुरायचा नाय, वहिनी."

"लहानच द्या," त्या म्हणाल्या. "घरी सासूबाई ऐकतात."