जनूचे हात आणि मोतीबाईचं कोपर

जनूला प्रश्न विचारायची भारी खोड. अंबरनाथच्या एका कारखान्यात तो प्लाझ्माच्या मशीनवर पोलादाच्या जाड प्लेटा कापायचा. बाकीचे बटण दाबून मोकळे होत. हा मात्र साहेबांच्या मागे लागला, की ही निळी ज्योत नेमकी कशाची? साहेब म्हणाले, "हवाच. इतकी तापवलेली, की तिच्यातून वीज वाहते. ट्यूबलाइटच्या आत पेटतो तोही प्लाझ्माच." तेव्हापासून घरची ट्यूब लावताना जनू तिच्याकडे जरा आदरानेच बघायचा.

१९९४ साली त्याची बायको गोदू बदलापुरातल्या एका छोट्या हॉस्पिटलात बाळंत झाली. मुलगी झाली, पण गोदूचं रक्त थांबेना. डॉक्टर उमाताई बाहेर आल्या. "रक्त गोठतच नाहीये. प्लाझ्मा लागेल. उल्हासनगरच्या रक्तपेढीत तिला चालेल अशी एकच पिशवी आहे. पळा."

जनू जागचा हलेना. "प्लाझ्मा? माणसाला? मॅडम, तो तर लोखंड कापतो!"

"तो वेगळा. रक्तातल्या पेशी काढल्या, की जे पिवळं पाणी उरतं ना, तो हा. रक्त गोठवणारा ऐवज त्यातच असतो. निघा आता."

येताना रिक्षात मांडीवर थर्माकोलचा डबा, आत बर्फासारखी कडक पिशवी. तरीही डोकं विचारतच होतं: एवढा गार नि तेवढा तापलेला, मग दोघांचं नाव एकच कसं? अशा वेळी हे सुचतं म्हणून त्याला स्वतःची लाज वाटली.

हॉस्पिटलात नर्स एकटीच. पिशवी वितळवायला तिने टबात गरम पाणी ओतलं. "थंड घालून कोमट करा, मग पिशवी सोडा. जास्त गरम झालं तर आतलं अंड्यासारखं शिजेल," एवढं सांगून ती आतल्या हाकेला धावली.

जनूने तांब्याभर थंड पाणी ओतलं, हात बुडवला. कोमट. त्याने पिशवी उचलली. तेवढ्यात सासू मोतीबाई पुढे झाली. गावातल्या निम्म्या पोरांना तिनेच न्हाऊ घातलेलं. सवयीने तिने कोपर पाण्यात घातलं आणि झटक्यात पिशवी हिसकावून घेतली.

"जावयबापू, शिजवताव का काय तिला?"

"कोमट हाय की!"

"तुमच्या हाताला काय कळतंय? कोपर घालून बघा."

जनूने घातलं आणि चटका बसून मागे ओढलं. अकरा वर्षं तापल्या प्लेटा हाताळून तळहात बधिर झाले होते, आणि सगळ्या जगाला प्रश्न विचारणाऱ्या माणसाला हे ठाऊकच नव्हतं. मोतीबाईने कोपराने अंदाज घेत पाणी निववलं, मग पिशवी सोडली. प्लाझ्मा चढवला आणि संध्याकाळी गोदूचं रक्त थांबलं.

मुलीचं नाव चिमी ठेवलं. ती चार महिन्यांची असताना गोदू म्हणाली, "अंग तापलंय का बघा हो हिचं."

जनूने हात पुढे केला, तसाच मागे घेतला. मग शर्टाची बाही वर सारून त्याने चिमीच्या कपाळाला हळूच कोपर लावलं. गोदूला हसू आलं. जनू हसला नाही.