बळीराम मिस्त्रींचे तीन ठोके

बॉयलर साफ झाला की झाकण लावण्याआधी बळीराम मिस्त्री त्याच्यावर पान्याने तीन ठोके मारायचे आणि कान लावून उभे राहायचे. साफ करायला आत उतरलेले दोघे बाहेर येऊन समोर बिडी ओढत बसलेले असले, तरीही! साठ सालाच्या आसपास अकोल्याच्या त्या कापसाच्या जिनिंगमध्ये मी स्टोअरचा कारकून होतो आणि जिभेला हाड नव्हतं.

"मिस्त्री, आत सासुरवाडी आहे का तुमची?" मी एकदा विचारलं. सगळे हसले.

"थांब ना बाप्पा! काहून घाई करून राहिला? बंद कराले येळ नाही लागत. उघडाले लागते."

मॅनेजर ओरडला तरी उत्तर हेच.

भातकुलीकडचा हा माणूस लढाईत फौजेत मेकॅनिक होता, जर्मनांच्या हाती सापडला आणि कैदी म्हणून तिकडच्या बंदरात राबला, एवढंच आम्हाला ठाऊक. पुढचं त्यांनी पोळ्याच्या सुट्टीत माझ्या ओसरीवर सांगितलं. समोरचा चहा गार होऊन गेला.

बंदरात एक नवी कोरी पाणबुडी होती. लढाईवर ती गेलीच नाही. सरावातच जर्मनांच्याच जहाजाची धडक बसून बंदराच्या तोंडाशी बुडाली. कैद्यांना तराफ्यावर नेलं. एक लांब लोखंडी नळ खाली तिच्या पाठीवर टेकवला आणि हातोडा मिस्त्रींच्या हाती दिला.

"म्या तीन ठोके मारले. आतून तीन आले. जिते होते ना भाऊ! दुश्मन-गिश्मन सारं इसरलो. दिवसभर मी इचारत राहिलो, ते सांगत राहिले. दुसऱ्या दिवशी वर ओढाची तार तुटली. साहेब म्हने, बस करा. हातोडा काढून घेतला." त्यांनी गार चहाचा कप बाजूला सारला. "आतून वाजूनच राहिलं होतं, बाबू. अन् मी जवाब नाही देल्ला."

ती सासुरवाडीची थट्टा आठवून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढे छातीच्या दुखण्याने त्यांना अमरावतीच्या दवाखान्यात ठेवलं. मी गेलो तेव्हा बोलणं बंद झालं होतं, डोळे मिटलेले. अकोल्याची गाडी गाठायची म्हणून उठलो, तर त्यांच्या बोटांनी खाटेच्या लोखंडी दांडीवर तीनदा टकटक केलं.

मी परत बसलो. खिशातल्या स्टोअरच्या किल्लीने तीन ठोके दिले. त्यांनी पुन्हा तीन दिले, मी पुन्हा.

"बंद करा ना ते भाऊ, बाकीचे पेशंट हायेत," नर्स म्हणाली.

मी नाही केलं. त्यांची बोटं थांबली, तरी मी बराच वेळ ठोके देत राहिलो.